हे नाव आधीच घेतलेलं आहे

१

बुधवारी सकाळी राजसीचा फोन आला तेव्हा मी पोहे भिजवत होते.

"शीलाताई, आमच्या लग्नाच्या नावावर कोणीतरी दुसरंच बसलंय!" एवढं बोलून ती रडायला लागली. पोहे तिथेच राहिले आणि दुपारी त्यांचा लगदा झाला, पण त्याचं दुःख नंतर.

आधी माझी ओळख. मी शीला रोकडे. अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी एक खोली आहे. तिथे आधी टायपिंगचा क्लास होता, मग कॉम्प्युटरचा झाला आणि आता, म्हणजे २००९ साली, मी तिथे बसून लोकांना वेबसाइट करून देते. फुकटातल्या वेबसाइटचा पत्ता इतका लांब असतो की तो टाइप करेपर्यंत माणूस काय बघायला बसला होता तेच विसरतो. म्हणून मी 'आखूड डॉट इन' सुरू केलं. तिथे यायचं, आपल्या आवडीचं छोटंसं नाव टाकायचं. ते मोकळं असेल तर पाटी येते, 'हे नाव अजून कोणी घेतलेलं नाही. तुम्हाला हवं आहे का?' हो म्हटलं की नाव तुमचं. ते नाव टाइप करणारा थेट तुमच्या वेबसाइटवर पोचतो. वेबसाइट नसेल तर एक फोटो आणि दोन ओळी ठेवता येतात. दुसऱ्याने तेच नाव मागितलं तर पाटी येते, 'हे नाव आधीच घेतलेलं आहे.' तुम्ही कोण, कुठले, असलं काही मी विचारत नाही. याला भोळेपणा म्हणा नाहीतर आळस म्हणा.

राजसी माझी जुनी विद्यार्थिनी. तिचं लग्न बदलापूरच्या देवदत्त कर्णिकशी ठरलं होतं. साखरपुड्याचे फोटो, हॉलचा नकाशा, अमेरिकेतल्या आत्तेभावंडांसाठी चार शब्द, अशी छान वेबसाइट मी करून दिली होती. लग्नपत्रिकेवर तळाशी आखूड पत्ता छापला होता, 'राजसी-देवदत्त'. आमच्याकडे तरी पत्रिकेवर असला पत्ता ही नवलाई होती आणि मी त्यावर भलतीच खूश होते.

बुधवारी मुहूर्तावर दोन्ही घरं देवदत्तच्या कॉम्प्युटरसमोर जमली. कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. देवदत्तने पत्ता टाइप केला. पडद्यावर साखरपुडा आलाच नाही. झालरीचा फ्रॉक घातलेलं, कपाळावर मोठी टिकली लावलेलं तीनेक वर्षांचं पोर दात काढून हसत होतं. खाली एक ओळ होती, 'माझ्या राणीला आशीर्वाद'.

ते पोर म्हणजे देवदत्त होता. त्याच्या हनुवटीवरचा तीळ कोणालाही ओळखू आला असता. राजसीचे मामा खो खो हसले आणि तिथेच घोटाळा झाला. देवदत्तचे वडील हेमचंद्रराव उभे राहिले आणि म्हणाले, "हे कोणी केलं ते कळेपर्यंत एकही पत्रिका घराबाहेर जाणार नाही. पत्रिका नाही तर लग्नही नाही."

मी लगेच त्यांना फोन लावला. "काका, दोन मिनिटांचं काम आहे. फोटो काढते आणि नाव तुम्हाला देते."

"हात लावायचा नाही," ते म्हणाले. "फोटो तिथेच राहू दे. तुम्ही फक्त कोण ते शोधा, रोकडेबाई."

ज्याच्याकडे चोरी झाली त्याला माल नको आणि चोर हवा, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

२

माझ्या कॉम्प्युटरवर एवढंच कळलं की नाव सोमवारी दुपारी घेतलं गेलं. कोणी काही तोडलंफोडलं नव्हतं, कोणाचा पासवर्ड चोरला नव्हता. मला काही उमगेना. राजसीने ते नाव केव्हाच घेऊन ठेवलेलं असणार अशी माझी समजूत होती.

राजसी डोळे पुसत खोलीवर आली. मी तिला सरळ विचारलं, "तू नाव घेतलं कधी होतंस?"

"घेतलंच नव्हतं."

"काय? पत्रिकेवर छापलंस आणि घेतलं नाहीस?"

"देवदत्तचे बाबा नको म्हणाले. शुभकार्य मुहूर्तावरच उघडायचं. भटजींनी बुधवार सांगितला. मला वाटलं, वेबसाइट तुम्ही केलीय म्हणजे नाव आपलंच. दुसरं कोण कशाला घेईल?"

मी कपाळावर हात मारला. माझ्या व्यवसायात मी सगळे अडथळे धरले होते. वीज जाईल, लाइन तुटेल, गिऱ्हाईक पत्ता चुकीचा टाइप करेल. भटजी बुधवार काढतील हे मात्र धरलं नव्हतं. एसटीत खिडकीची सीट आपली म्हणून सगळ्या गावाला सांगायचं आणि तिच्यावर रुमाल टाकायचा राहून जायचं, तशातली गत. रिकाम्या सीटवर दुसऱ्या कोणीतरी रुमाल टाकला होता.

म्हणजे चोर कॉम्प्युटरमधला हुशार असण्याची गरज नव्हती. त्याने फक्त पत्रिका वाचलेली असायला हवी होती.

"पत्रिका कोणाकडे होत्या?"

"रविवारी प्रेसमधून बदलापूरला गेल्या. देवदत्तच्या बाबांनी कपाटात ठेवल्या. किल्ली त्यांच्या जानव्याला असते, ताई. मलासुद्धा एक मिळाली नाही."

मग उरली प्रेस. ती उल्हासनगरला होती आणि तिचा मालक परसरामशेठ माझ्यावर आधीच खार खाऊन होता. लोकांनी नकाशे वेबसाइटवर टाकले तर पत्रिकेत वेगळा नकाशा कोण छापून घेणार, असं तो चारचौघांत म्हणाला होता.

३

"मॅडम, मैं कार्ड छापता हूँ, बच्चे को फ्रॉक नहीं पहनाता!" परसरामशेठ गरजला. मशीनच्या आवाजाची सवय असल्याने तो नेहमीच गरजतो. "तुमच्या वेबसाइटने माझा धंदा खाल्ला हां, वो सच है. पण कोणाच्या लग्नात खोडा घालणार? माझी तीन पोरी बाकी आहेत. साईं माफ नहीं करेगा."

"नाव तुमच्याकडेच कंपोज झालं ना?"

"झाला. मी स्पेलिंग बघतो, नाव नाय बघत. आणि समजा मीच केला. वो फोटो? तो कुठून आणणार मी?"

मुद्दा बिनतोड होता. मी फोटोचा प्रिंट सोबत नेला होता. तो हातात घेऊन शेठ खिडकीशी गेला आणि एकदम शांत झाला. छापखान्याच्या माणसाला छापलेली वस्तू दिसली की तो भांडण विसरतो.

"हा अर्धाच आहे, मॅडम. देखो, इथे उजव्या बाजूला बाईचा हात. हिरव्या बांगड्या. पोराचा हात धरलाय. बाकीची बाई कापून टाकली. स्कॅन करताना मुद्दाम सोडली."

ते मी पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

"और एक बात. कर्णिकसाहेब बदलापूरला मांजर्लीत राहतात ना? २००५ च्या पुरानंतर तिकडचे लोग कितने फोटो लाये मेरे पास, नीट करायला. एकमेकाला चिकटलेले, रंग उतरलेले, कडेला चिखलाचा डाग. हा फोटो कधी भिजलाच नाय."

बाहेर येऊन मी उसाचा रस घेतला आणि दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या. चोराने रविवार आणि सोमवार दुपार यांच्यामध्ये पत्रिका वाचली होती. आणि त्याच्याकडे एक असा फोटो होता जो पुराच्या वेळी मांजर्लीत नव्हता. शेठला पहिली गोष्ट लागू होती, दुसरी नव्हती. दोन्ही लागू होतील असा माणूस हवा होता.

४

मांजर्लीत कर्णिकांचं घर तळमजल्यावर आहे. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर पाण्याची रेघ अजून पुसट दिसते. त्यांनी रंग दिला, पण रेघ काही मानत नाही.

देवदत्त दारातच भेटला. शांत मुलगा, बँकेत आहे. फ्रॉकवरून त्याला राग वगैरे आलेला दिसला नाही.

"मित्रांनी केलं असेल?"

"मित्रांना मी वेबसाइटचं बोललोच नव्हतो, ताई. आणि हा फोटो मीच कधी पाहिलेला नाही. आमचे सगळे अल्बम पुरात गेले. आईचा एकसुद्धा फोटो राहिला नाही." त्याने दाराची कडी उगाच हलवली. "मी लहान असताना ती गेली. चेहरा आठवतो असं सगळ्यांना सांगतो. खरं सांगायचं तर आता आठवत नाही."

मला त्याच्याकडे बघवेना. मी आत गेले.

हेमचंद्रराव कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्यावर तोच फोटो होता. मला पाहताच त्यांनी तो घाईघाईने बंद केला.

"काका, फोटो कोणी काढलेला?"

"आठवत नाही."

"नात्यातल्या कोणाकडे असेल? काका, मावशी, आत्या?"

"आमचं कोणी नाही," ते म्हणाले. माझं वाक्य संपायच्या आधीच म्हणाले.

"लग्न खरंच मोडणार का तुम्ही?"

"मी एकदा बोललो की बोललो. माझा स्वभाव आहे तो. फार महाग पडलाय, पण आहे."

या माणसाला राग आलाय असं सगळे म्हणत होते. मला तो रागावलेला वाटेना. परीक्षेचा निकाल लागायच्या दिवशी वडील जसे उगाच पेपर चाळत बसतात, तसे ते बसले होते.

रिक्षात बसल्यावर मी राजसीला फोन केला. "नीट आठवून सांग. सोमवार दुपारपर्यंत पत्रिका खरंच कोणालाच दिली नव्हती?"

"कोणालाच नाही, ताई," ती म्हणाली. "म्हणजे, माणसांपैकी कोणालाच नाही."

५

आता माझ्या मठ्ठपणाची गोष्ट. आमच्या घरी लग्नाची पहिली पत्रिका बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवतात. ती घरातच राहते. माझ्या लग्नाची कितीतरी वर्षं तिथेच होती. त्यामुळे पहिली पत्रिका घराबाहेर जाऊ शकते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रोज शिवमंदिराच्या रस्त्यावर बसते मी, आणि मला ते दिसलं नाही!

कर्णिकांच्या घराण्यात पहिली पत्रिका अंबरनाथच्या शंकराला ठेवायची रीत. सोमवारी सकाळी हेमचंद्ररावांनी कपाट उघडलं, एक पत्रिका काढली, स्वतः आणून देवापुढे ठेवली आणि पुन्हा कुलूप लावलं. देव काही कॉम्प्युटरवर बसत नाही, म्हणून ती कोणी धरलीच नव्हती.

देवळाबाहेर भागीरथीमावशी बेलफूल विकते. मी तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"मावशी, देवापुढच्या लग्नाच्या पत्रिका कोणी वाचतं का गं?"

"वाचतं ना. एक बाय हाय." मावशी हार ओवता ओवता म्हणाली. "दर सोमवारी येते उल्लासनगरवरशी. देवाला नमस्कार केला का पत्रिका बघत बसते. समद्या. वाचते नि परत जागच्या जागी ठेवते. मी इचारला एकदा, बाय, परक्यांची लग्नं काय वाचतंस? तर म्हंगाली, एक आपलं लगीन यायचंय."



"या सोमवारी आली होती?"

"आली का! एक पत्रिका हातान घेतली नि रडाय लागली. मी पानी दिला. मग हसाय लागली. माझ्याकडशी सगळा मोगरा घेऊन गेली."

"नाव माहीत आहे?"

"कुंदा. मास्तरीण नाय, पन शाळेच्या हापिसात होती. घर दाखवू? हार पोचवलाय मी एकदा."

६

दार उघडलं ते हनुवटीवर तीळ असलेल्या बाईने. त्या तिळासमोर मला पुढे काही विचारायची गरजच राहिली नाही. तरी विचारलं.

"देवदत्तच्या आत्या ना तुम्ही?"

कुंदाताईंनी मला आत घेतलं. त्यांचे यजमान भीमराव कपाळाला चष्मा लावून पेपर वाचत होते. ते उठले, मला खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसले.

मी जे झालं ते सांगितलं. नाव चोरीला गेलं, पत्रिका अडल्या, लग्न मोडायला आलंय. कुंदाताई उठून उभ्या राहिल्या.

"चोरी? अहो, मी चोरी नाही केली! मला वाटलं, पाहुण्यांसाठीच ठेवलंय ते."

"म्हणजे?"

"पत्रिकेवर पत्ता होता. खालच्या सायबरमध्ये जाऊन टाकला. म्हटलं, देवदत्त कसा दिसतो ते तरी बघू. तर तिथे लिहून आलं, 'तुम्हाला हवं आहे का?'" त्यांनी भीमरावांकडे पाहिलं. "मी भीमरावांशी लग्न केलं तेव्हा दादाने यांचं आडनाव ऐकलं आणि दार लावलं. वहिनी गेली, तेव्हाही मला कोणी बोलावलं नाही. त्या घरातलं तुला काही हवं का असं मला कधी कोणी विचारलं नव्हतं, हो. त्या कॉम्प्युटरने विचारलं. मी 'हो' दाबलं. मग म्हणाला, फोटो ठेवा, दोन ओळी लिहा. मला वाटलं, आहेरच ठेवायला सांगतायत."

ती पाटी मी लिहिली होती. एका दुपारी, चहा पिता पिता, फारसा विचार न करता.

"आणि फोटो अर्धा का?"

"उरलेल्या अर्ध्यात मी आहे. दादाने बघितलं असतं तर सगळंच काढून टाकलं असतं. माझ्यासाठी वहिनीलाही कापावं लागलं."

भीमराव हळूच म्हणाले, "मी सांगत होतो, पूर्ण ठेव. ऐकलं नाही."

मी फोन काढला आणि हेमचंद्ररावांना लावला. "काका, रोकडे बोलतेय. सापडलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "कशी आहे ती?"

मी अजून नावही सांगितलं नव्हतं.

७

तिथे मला सगळा उलगडा झाला. फोटो पडद्यावर आला त्याच क्षणी हेमचंद्ररावांना कळलं होतं. तो हिरव्या बांगड्यांचा हात त्यांच्या बायकोचा होता आणि तो फोटो जगात एकाच माणसाकडे असू शकत होता. दोन मिनिटांत काढते म्हटलं तर ते नको म्हणाले, कारण ती बहिणीची एवढीच खूण होती. 'आमचं कोणी नाही' हे इतक्या घाईने आलं, कारण 'आत्या' हा शब्द त्यांना सोसला नाही. ती कुठे राहते हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि स्वतः विचारत फिरायला जीभ उचलत नव्हती. म्हणून त्यांनी आरडाओरडा केला, पत्रिका कोंडल्या आणि शोधायला मला लावलं. हट्टी माणसाला प्रेमसुद्धा धाकदपटशा करूनच करता येतं. मला त्यांचा राग आला, खरंच आला. राजसी दिवसभर रडत होती, ती काय यांच्या लाजेपायी?

संध्याकाळी ते आले. सोबत देवदत्त आणि राजसी. मी राजसीला सगळं आधीच सांगितलं होतं. ती सासऱ्यांशी बोलत नव्हती, आणि ते तिला चांगलं शोभत होतं.

कुंदाताई दारातच उभ्या राहिल्या. भाऊबहीण एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी त्या आत गेल्या आणि अख्खा फोटो आणून देवदत्तच्या हातात दिला.

"तुझ्या आईला मुलगी हवी होती. त्या दिवशी मी म्हटलं, वहिनी, आजच्यापुरती हीच तुझी राणी."

फोटोत फ्रॉकवाला देवदत्त होता, कडेला तरुण कुंदाताई होत्या आणि मध्ये हिरव्या बांगड्या घातलेली एक बाई डोळे मिटून हसत होती. देवदत्तने तिच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"हसते माझ्यासारखीच," तो म्हणाला.

मला रडू आवरेना. शोध घेणाऱ्याने असं करायचं नसतं, पण मी काही पोलीस नाही.

कुंदाताई मला म्हणाल्या, "ते नाव कसं सोडायचं ते सांगा हो. चुकून घेतलं मी. त्यांचं त्यांना देऊन टाकते."

"सोडू नकोस," हेमचंद्रराव म्हणाले. आल्यापासूनचं हे त्यांचं पहिलं वाक्य. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बारशाला मी दुसरं नाव ठरवलं होतं, रोकडेबाई. ही त्याची आत्या. पाळण्यापाशी वाकली आणि कानात आपल्याच मनचं सांगून मोकळी झाली. देवदत्त. मी चिडलो होतो तेव्हाही." त्यांनी बहिणीकडे पाहिलं. "ते नाव तिचंच आहे. तिच्याकडेच राहू दे."

मग आम्ही सगळे खालच्या सायबरमध्ये गेलो. कुंदाताई खुर्चीवर बसल्या, मी मागे उभी राहिले. त्यांनी अर्धा फोटो काढून पूर्ण ठेवला. त्याखाली लग्नाच्या वेबसाइटची वाट जोडली. पत्रिका वाचून येणाऱ्या प्रत्येकाला आधी या तिघांना भेटावं लागणार आणि मगच लग्नाला जाता येणार. अमेरिकेतल्या भावंडांनासुद्धा. राजसीने सासऱ्यांकडे पाहिलं आणि पहिल्यांदा हसली.

वर परत आल्यावर हेमचंद्ररावांनी पिशवीतून पत्रिकांचा गठ्ठा काढला. गाठ सुटेना, तेव्हा भीमरावांनी कात्री आणून दिली. त्यांनी वरची पत्रिका घेतली, खिशातलं पेन उघडलं आणि थांबले.

"भावोजी," ते म्हणाले. हा शब्द त्यांना जड गेला, पण त्यांनी तो पूर्ण म्हटला. "आडनाव सांगा. नीट लिहायचंय."

भीमरावांनी सांगितलं. हेमचंद्ररावांनी ते सावकाश लिहिलं, पुढे 'सहकुटुंब' लिहिलं आणि पत्रिका दोन्ही हातांनी पुढे केली.